आईच्या अंगणवाडीत आणखी एक बाई असती तर

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. हा धागा खूप दिवस डोक्यात होता. मार्चअखेरची गडबड संपली, म्हणून आज लिहायला बसले.

माझी आई बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका गावात एकतीस वर्षं अंगणवाडी सेविका होती. मी चाकणला एका कारखान्यात कॉस्टिंग बघते. एखाद्या यंत्रावर पैसे घातले तर ते किती वर्षांत वसूल होतील, हे सांगण्याचाच मला पगार मिळतो.

दिवाळीत माळा आवरताना आईच्या जुन्या वह्या सापडल्या. सरकारी रजिस्टरं तिने निवृत्त होताना जमा केली होती, या तिच्या स्वतःच्या शंभर पानी वह्या. एका पानावर तीन वर्षांच्या आतल्या मुलांची यादी आहे. नाव, वजन, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. एका मुलापुढे लिहिलंय, "बोलत नाही. घरी जाणे." पुढच्या महिन्यात त्याच नावापुढे पुन्हा "घरी जाणे". असं ओळीने चार महिने. पाचव्या महिन्यात "कारखान्याला गेले." म्हणजे आईबाप ऊसतोडीला निघाले, मूलही गेलं.

आई त्याच्या घरी का गेली नसेल ते मला माहीत आहे, मी तिचे दिवस पाहिलेत. पटावर चाळीस मुलं. मदतनीस मावशी चुलीपाशी, त्यामुळे मुलांजवळ आई एकटी. त्यात वजनं घ्यायची, गरोदर बायांच्या नोंदी, लसीकरणाच्या दिवशी नर्सबाईंबरोबर फिरायचं, पोलिओचे डोस, मतदारयादीचं काम. शेवटच्या वर्षांत अकरा रजिस्टरं, आणि २०२१ पासून वर पोषण ट्रॅकर, म्हणजे त्याच नोंदी मोबाईलच्या अॅपमध्ये भरायच्या. गाणी, गोष्टी, रंग, मणी ओवणं, म्हणजे ज्याला आपण बालशिक्षण म्हणतो ते, उरलेल्या वेळात. उरलेला वेळ कधी अर्धा तास असायचा, कधी नसायचाच.

आता माझ्या धंद्याच्या भाषेत बोलते. लहान मुलांवरच्या सरकारी खर्चाचा परतावा मोजायचा म्हटलं की सगळे अमेरिकेतल्या पेरी प्रीस्कूलपाशी येतात. मिशिगन राज्यात इप्सिलांटी गाव आहे. तिथे १९६२ साली गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतली तीन-चार वर्षांची मुलं घेऊन हा प्रयोग सुरू झाला. एकूण १२३ मुलं, त्यातल्या ५८ जणांना बालवाडी मिळाली, ६५ जणांना नाही. मग या सगळ्यांचा माग थेट चाळिशीपर्यंत काढला. बुद्ध्यंकात सुरुवातीला पडलेला फरक काही वर्षांत पुसला गेला होता. पण चाळिशीत वर्षाला २० हजार डॉलरच्या वर कमावणारे बालवाडीवाल्यांत ६० टक्के होते, दुसऱ्या गटात ४० टक्के. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले ३६ टक्के विरुद्ध ५५ टक्के. २००० सालचे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे जेम्स हेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावरून समाजाला मिळालेला परतावा काढला, तो दरसाल ७ ते १० टक्के निघाला. आमच्या कारखान्यात इतकी वर्षं असा परतावा देत राहिलेलं एकही यंत्र मी पाहिलेलं नाही.

मला मात्र त्या आकड्यापेक्षा दोन बारीक गोष्टींनी थांबवलं. तिथे वीस-पंचवीस मुलांमागे चार शिक्षिका होत्या. आणि प्रत्येक शिक्षिका आठवड्यातून एकदा मुलाच्या घरी जाऊन तास-दीड तास आईबरोबर बसायची. आईच्या वहीतलं "घरी जाणे" तिथे ठरल्याप्रमाणे, दर आठवड्याला होत होतं.

अमेरिकेचं राहू द्या, तमिळनाडूचं बघा. तिथे ३२० अंगणवाड्यांवर प्रयोग झाला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निम्म्या निवडल्या आणि तिथे फक्त शिकवण्यासाठी आणखी एक अर्धवेळ बाई नेमली. बाकी काहीही बदललं नाही. कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीड वर्षाने मोजलं, तर शिकवण्याचा वेळ जवळजवळ दुप्पट झालेला, आणि मुलं गणितात व भाषेत स्पष्ट पुढे गेलेली. शिवाय खुजेपणा आणि तीव्र कुपोषणही त्या अंगणवाड्यांत कमी झालं. नवी बाई तर खायला देत नव्हती, मग हे कसं? जुन्या सेविकेचे हात मोकळे झाले. तिला आहार आणि आरोग्याच्या कामाला वेळ मिळाला.

मी आपला हिशोब केला. अशा बाईला महिना १० हजार दिले तर वर्षाचे १ लाख २० हजार. चाळीस मुलांत वाटले तर मुलामागे वर्षाला ३ हजार, महिन्याला अडीचशे रुपये.

मग हे होत का नाही? माझ्या मते मेख हिशोबाच्या रकान्यात आहे. अंगणवाडीची इमारत बांधली की तो भांडवली खर्च. त्या इमारतीत मुलाला शिकवणाऱ्या बाईचं मानधन हा महसुली खर्च. राज्यांना भांडवली कामांसाठी केंद्राकडून ५० वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळतं, ते भिंतीला चालतं. बाईला नाही. तिचं मानधन वाढवलं की महसुली तूट वाढली म्हणून ओरड होते. आमच्याकडे एखादा नवा अकाउंटंट असं वागला, चाळीस वर्षं उत्पन्न देणारी गोष्ट त्याच वर्षीच्या चहापाण्याच्या खर्चात टाकून आला, तर मी ती एंट्री परत करीन.

तुमचे अनुभव लिहा. आकड्यांत माझी चूक असेल तर तीही दाखवा.

चिकूवाडी

धाग्याबद्दल मनापासून आभार, ताई. आईंना माझा नमस्कार सांगा.

मी डहाणू तालुक्यातली. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं केंद्र काढलं तेव्हा पाड्यावरची मुलं बालवाडीत यायचीच नाहीत. म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात न्यायची, हा विचार पुढे आला. १९५७ ला काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरायची, तिचं नाव कुरणशाळा. विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी होती, कारण धाकट्याला कडेवर घेतलेली मोठी बहीण त्याच्याशिवाय शाळेत येऊच शकत नव्हती.

आता तुमच्या हिशोबाशी जोडते. ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांनी साधनांवरचा खर्च खाली आणला तो बिया, शंख, शिंपले, पानं, खडे, मातीचे मणी वापरून. महागडं लाकडी साहित्य परवडणारं नव्हतं. पण मुलाजवळ बसणारं माणूस त्यांनी कमी केलं नाही. आज उलटं दिसतं. भिंतीवर चकचकीत चित्रं, कपाटात खेळण्यांची पेटी कुलपात, आणि ती उघडून मुलांपुढे ठेवायला सवड नसलेली एकटी सेविका. पेटी कुलपात का, तर एक मणी हरवला तरी जबाबदारी तिची.

सरळरेघ

लेख आवडला, पण काही हरकती मांडतो. विषय गंभीर आहे म्हणूनच मांडतो.

एक, पेरीत फक्त १२३ मुलं. एका गावातल्या, साठ वर्षांपूर्वीच्या प्रयोगावर किती भार टाकायचा? दोन, सगळे निकाल गोड नाहीत. अमेरिकेतल्याच टेनेसी राज्यात सरकारी बालवाड्यांचा मोठा अभ्यास झाला, जवळजवळ तीन हजार मुलं. वर्षाच्या शेवटी बालवाडीची मुलं पुढे होती, पण २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सहावीत ती उलट मागे पडली, गुणांत आणि शिस्तीतही. तीन, परतावा "समाजाला" मिळतो म्हणजे नक्की कुणाला? खर्च राज्याचा, आणि बीडचं मूल मोठं होऊन कर भरणार बंगळूरला. अर्थमंत्र्यांना या वर्षीचा ताळेबंद जुळवायचा असतो, वीस वर्षांनंतरचा नव्हे.

गोदाकाठ

दादा, टेनेसीचं मुद्दाम लिहिलंत ते बरं झालं. त्यावरून मी एवढंच म्हणेन की बालवाडी नावाची पाटी लावली म्हणून परतावा मिळत नाही. आत काय चालतं त्याला सगळी किंमत आहे. चार वर्षांच्या मुलांना रांगेत बसवून अक्षरं गिरवायला लावली तर नुकसानही होऊ शकतं, हे मला पटतं. म्हणूनच माझा भर इमारतींच्या संख्येवर नाही, मुलामागे किती माणूस यावर आहे.

बंगळूरचा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच हा खर्च राज्यावर ढकलून चालणार नाही. फळ देशभर वाटलं जात असेल तर केंद्राने खताला हात आखडता घेऊ नये. अंगणवाडीतल्या मुलाच्या आहाराचा दर २०१७ साली दिवसाला ८ रुपये ठरला. तीनशे दिवसांचे २ हजार ४०० होतात. त्यात तेल, डाळ, इंधन, सगळं.

निंबोणी

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नाशिक भागात. सरळरेघ यांनी लहान नमुन्याबद्दल लिहिलंय, म्हणून दुसऱ्या दोन देशांतले अभ्यास सांगते. हे देश आपल्यासारखे आहेत, पैसे कमी आणि कुपोषण जास्त.

पहिला जमैकाचा. किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९८६-८७ मध्ये ९ ते २४ महिन्यांची १२९ खुजी मुलं घेतली. काहींच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायची, दोन वर्षं. टाकाऊ वस्तूंची खेळणी न्यायची आणि आईला दाखवायची की बाळाशी बोलायचं कसं, खेळायचं कसं. वीस वर्षांनी ही मुलं कमावती झाली तेव्हा त्यांची कमाई दुसऱ्या गटापेक्षा २५ टक्के जास्त होती. इथेही नमुना लहान आहे, कबूल. पण देश वेगळा, काळ वेगळा, आणि दिशा तीच.

दुसरा ग्वाटेमालाचा, १९६९ ते १९७७. चार खेड्यांपैकी दोनात मुलांना अटोले नावाची प्रथिनयुक्त पेज दिली, दोनात साधं गोड सरबत. ज्या मुलग्यांना दोन वर्षांचे होईपर्यंत ती पेज मिळाली त्यांची मोठेपणी तासाची मजुरी सुमारे ४६ टक्के जास्त निघाली. तीन वर्षांनंतर मिळालेल्या पेजेने मजुरीत फरक पडला नाही. बायकांच्या मजुरीतही तो दिसला नाही, हेही सांगायला हवं.

हे वाचल्यापासून माझी तपासण्याची पद्धत बदलली. दंडाला पट्टी लावायची, साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण, हे आपण करतोच. पण आता मी आईला विचारते, "बाळाशी दिवसभरात काय काय बोलता?" बऱ्याच आया गोंधळतात. एक म्हणाली, "त्याला कुठं कळतं अजून, मग काय बोलू?" तिने बाळाचं वजन महिन्याभरात बरोबर आणलं होतं, अंडं-केळं सगळं सांगितल्याप्रमाणे. बोलायचं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपली सगळी यंत्रणा वजनकाट्याभोवती उभी आहे, आणि तीन वर्षांच्या आतलं मूल तर अंगणवाडीत येतही नाही. त्याच्या घरी फक्त आहाराचं पाकीट जातं.

बीट_नंबर_चार

मी पर्यवेक्षिका आहे. जिल्हा सांगत नाही.

गोदाकाठताई, तुमची आणखी एक बाई उद्या मंजूर झाली तरी माझ्या मनात एकच भीती आहे. ती मुलांजवळ राहील का? एक जास्तीची बाई दिसली की तिला सर्वेक्षण मिळेल, योजनांचे अर्ज भरण्याचं काम मिळेल, निवडणूक आली की यादी मिळेल. महिन्याभरात ती अर्धी सेविका आणि अर्धी कारकून होईल. तमिळनाडूत तिला फक्त शिकवण्यासाठी नेमलं होतं, ही अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. इथे करायचं तर आदेशातच लिहून हवं की हिला दुसरं काम देता येणार नाही.

मानधनाचंही लिहिते. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकांचं ८,३२५ वरून १० हजार झालं, मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. तरी त्याच वर्षी डिसेंबरात संप झाला आणि तो जानेवारीत मिटला. नंतर मानधन आणखी वाढलं. पण "मानधन" हा शब्द काही सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या प्रकरणात सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं स्पष्ट सांगितलं. निकाल वाचून माझ्या बीटमधली, म्हणजे माझ्या देखरेखीखालच्या अंगणवाड्यांतली, एक सेविका मला म्हणाली, "म्हणजे मॅडम, आपण काम करत होतो हे कोर्टाला कळलं." मी तिला उत्तर देऊ शकले नाही.

माँट्रियालकर

परदेशातून एक वेगळी बाजू. आमच्या क्यूबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरात बालसंगोपन सुरू केलं. माझी मुलगी त्यातूनच मोठी झाली, पुढे फी वाढली तरी.

इथे परतावा मुलं मोठी होण्याची वाट बघत बसला नाही. आया कामावर गेल्या. इथल्या अर्थतज्ज्ञांच्या अंदाजाप्रमाणे २००८ पर्यंत सुमारे ७० हजार आया या योजनेमुळे नोकरीत होत्या, आणि त्यांच्या करातून खर्चाचा मोठा भाग सरकारकडे परत आला. सरळरेघ, तुमच्या "या वर्षीच्या ताळेबंदाला" हे उत्तर होऊ शकेल.

पण दुसरी बाजूही खरी आहे. योजना इतक्या घाईने वाढली की सगळीकडे दर्जा सारखा राहिला नाही, आणि काही अभ्यासांत मुलांच्या वागणुकीवर वाईट परिणाम दिसले. आमच्या मुलीला चांगलं केंद्र मिळालं. शेजारच्या कुटुंबाला दोन वर्षं यादीत नाव लावून ते मिळालं नाही. आई कामावर जाणं आणि मूल शिकणं हे दोन वेगळे हिशोब आहेत. एक जुळला म्हणून दुसरा आपोआप जुळत नाही.

फडावरची_शाळा

मी काही वर्षं साखरशाळेत, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळेत शिकवलं, पश्चिम महाराष्ट्रात. "कारखान्याला गेले" हा शेरा वाचून आज दुसरं काम सुचलं नाही.

गोदाकाठताई, तुमच्या वहीतलं मूल पुढे कुठे गेलं ते मी सांगू शकतो. दिवाळीनंतर टोळी येते. पाचटाच्या कोपी उभ्या राहतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची म्हणून पहाटे चारला फडावर. थंडीत मूल बरोबर न्यायचं किंवा कोपीत सात-आठ वर्षांच्या बहिणीवर सोडायचं. मी अशा बहिणीला वर्गात घेतलं तेव्हा ती धाकट्याला पोत्यावर निजवून पाटी हातात घ्यायची. तो रडला की पाटी खाली. हंगामभर तिची बाराखडी "क" च्या पुढे गेली नाही, आणि ती हुशार होती.

गावच्या पटावर हे मूल आहे, आहाराची तरतूद तिथे आहे, सेविका तिथे आहे. मूल पाच-सहा महिने इथे. तीन वर्षांच्या आतलं वय म्हणजे छत्तीस महिने. त्यातले पंधरा-सोळा फडावर गेले तर काय उरतं, ते निंबोणीताईंनी लिहिलंच आहे. सरकार, कारखाना आणि गाव यांच्यात हे मूल कुणाच्याच खात्यावर पडत नाही. मला विचाराल तर पहिली जास्तीची बाई कोप्यांच्या वस्तीत द्या. बारा महिन्यांची नको, गाळप हंगामापुरती द्या.

सरळरेघ

सगळं वाचलं. पेरीच्या नमुन्याबद्दलची माझी शंका कायम आहे. पण तमिळनाडूच्या अभ्यासाबद्दल मला माहिती नव्हती, आणि तो आपल्याच यंत्रणेत, आपल्याच मानधनावर झालेला आहे, त्यामुळे तो मला जास्त वजनदार वाटतो. महिन्याला अडीचशेचा आकडाही मी उलटसुलट करून पाहिला. मानधन दीडपट धरलं तरी पावणेचारशेच्या वर जात नाही.

एक विनंती आहे. आपण सगळे त्या दुसऱ्या बाईने काय करावं ते ठरवतोय. तुमच्या आईंना एकदा विचाराल का? ती बाई मिळाली असती तर त्यांनी स्वतः काय केलं असतं?

गोदाकाठ

काल रात्री फोनवर विचारलं. आधी ती म्हणाली, "आता कशाला ते." मग मी त्या पानावरचं नाव वाचून दाखवलं. थोडा वेळ काहीच बोलली नाही.

नंतर म्हणाली, "नव्या बाईकडं मोठी पोरं दिली असती. तीन ते सहाची. ती गाण्यात रमतात, त्यांचं चालतं. मी रोज अकरा वाजता निघाले असते. रोज दोन घरं. वरल्या आळीपासून सुरू केलं असतं, तिकडनं कुणी खाली येत नाही."

मी विचारलं, त्या मुलाच्या घरी जाऊन काय केलं असतं?

"त्याच्या आज्जीशी बोलले असते. आई कामाला जायची, पोरगं आज्जीपाशी. आज्जीला कमी ऐकू यायचं, म्हणून ती बोलायची नाही. मग ते कुणाचं ऐकून बोलणार? मला तवाच कळलं होतं ते. शेजारच्या पोरींना सांगितलं असतं, रोज याला घेऊन जरा बसा म्हणून."

तो मुलगा आता कुठे आहे, तेही विचारलं. ती म्हणाली, "कोयत्यावर. बोलतो आता, पण सहा वर्षांचा होऊन शाळेत गेला तवा धड बोलत नव्हता. गुरुजींनी मागं बसवला, तो मागंच राहिला."

वही मी पुण्याला घेऊन आले आहे. चिकूवाडीताई, फडावरची_शाळा दादा, तुम्हाला त्या पानांचे फोटो हवे असतील तर नावं झाकून पाठवते. बीट_नंबर_चार, तुमच्या त्या अटीचा मसुदा आपण इथेच मिळून लिहू या का? "हिला दुसरं काम देता येणार नाही" या वाक्यापासून सुरुवात करते.